एक मॅन्युअल, सहा दिवस कोठडी आणि टेररिझम शिकवणाऱ्या लेक्चररची नोकरी : एक प्रकरण अभ्यास

पुण्यात डिफेन्स स्टडीज करून पुढे ब्रिटनला सिक्युरिटीचं मास्टर्स करायला जाणारी बरीच मुलं असतात, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. दहशतवादाचा अभ्यास हे करिअर म्हणून कसं असतं असं कुणी विचारलं की लोक थिंक टँक, टीव्हीवरचे एक्स्पर्ट, सरकारी कन्सल्टन्सी असलं काहीतरी सांगतात. मला हे प्रकरण सांगावंसं वाटतं कारण यात या पेशाची खरी अडचण दिसते, ती म्हणजे ज्या कागदावर तुमचा अभ्यास उभा असतो तोच कागद उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. घटना खऱ्या आहेत, ब्रिटिश पेपरांत सगळं छापून आलेलं आहे. माणसांची नावं मात्र मुद्दाम घेत नाही, हुद्द्याने ओळखू : लेक्चरर, विद्यार्थी, ऑफिसमधला मित्र, रजिस्ट्रार.

पार्श्वभूमी

गाव इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम, साल 2008. लंडनच्या ट्यूब आणि बसमधल्या 7 जुलै 2005 च्या स्फोटांना (52 माणसं गेली) तेव्हा तीन वर्षं पण पूर्ण झाली नव्हती. कायदा असा होता की टेररिझमच्या संशयितांना आरोप न ठेवता 28 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता यायचं, आणि गॉर्डन ब्राउनच्या सरकारला ते 42 दिवस करायचे होते. जूनमध्ये कॉमन्समध्ये 9 मतांनी ते पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्सनी आपटलं. म्हणजे आपलं प्रकरण घडलं ते ऐन या भांडणाच्या मधोमध, हे लक्षात ठेवा, कारण त्या महिन्यांत कुठल्याही विद्यापीठाच्या ऑफिसात ‘आपण पोलिसांना कळवलं नाही आणि उद्या काही झालं तर’ ही भीती किती मोठी असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

लेक्चरर आधी ब्रिटिश आर्मीत होता, मग अकॅडमिक्समध्ये आला. बंडखोरी कशी मोडतात, छोटा गट मोठ्या सैन्याशी कसा लढतो, हे त्याचे विषय. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध विभागात तो शिकवायचा. सरकारविरोधी डोक्याचा वगैरे माणूस हा अजिबात नव्हे, उलट राज्यसंस्थेची सुरक्षा आतून पाहिलेला. हे सांगतोय कारण नंतर वाद झाला तेव्हा त्याला चळवळ्या ठरवणं सोपं होतं, आणि त्याचं करिअर पाहिलं तर ते बसत नाही.

विद्यार्थी त्याच विभागात मास्टर्स करत होता, वय 22, पाकिस्तानी वंशाचा ब्रिटिश मुसलमान. त्याला अल कायदावर पुढे पीएचडी करायची होती. आणि तिसरा माणूस म्हणजे ऑफिसमधला मित्र : अल्जेरियाचा, वय 30, त्याच विद्यापीठात शिकून तिथेच दुसऱ्या विभागात प्रशासकीय नोकरीला लागलेला, विद्यार्थ्याला पीएचडीच्या प्रपोजलमध्ये मदत करणारा.

आता मॅन्युअल. अल कायदाचं ट्रेनिंग मॅन्युअल म्हणून जे ओळखलं जातं ते पोलिसांना 2000 साली मँचेस्टरमध्ये एका घराच्या झडतीत सापडलं. 1998 च्या नैरोबी आणि दार-एस-सलामच्या दूतावास स्फोटांचा (224 मृत्यू) खटला 2001 मध्ये न्यूयॉर्कला चालला त्यात ते पुरावा म्हणून आलं, आणि पुढे अमेरिकन न्याय खात्याने काही पानं वगळून ते स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं. विद्यार्थ्याने ते तिथून उतरवलं. पुस्तक म्हणूनही ते विकत मिळायचं, आणि त्याच विद्यापीठाच्या लायब्ररीतूनही मिळू शकत होतं. या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मला हीच वाटते.

असलं काही वाचायचंच कशाला, असं घरातलं कुणीतरी विचारेल. तर टेररिझम स्टडीजवर जुना आक्षेपच हा आहे की इथले लोक मूळ कागद वाचत नाहीत, एकमेकांचेच लेख वाचून लेख लिहितात. अँड्र्यू सिल्क नावाच्या अभ्यासकाने 2001 च्या सुमारास ते मोजून दाखवलं होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या, 26/11 नंतर भारत सरकारने पाकिस्तानला जे डॉसियर दिलं ते जानेवारी 2009 मध्ये पेपरात छापून आलं, त्यात अतिरेकी आणि त्यांचे हँडलर यांच्यातली फोनवरची संभाषणं आहेत. ती न वाचता 26/11 वर कुणी थीसिस लिहिला तर गाइडने तो परत फेकला पाहिजे.

अडचण

जानेवारी 2008 मध्ये विद्यार्थ्याने मॅन्युअल आणि सोबत जर्नलमधले दोन लेख मित्राला ईमेलने पाठवले, प्रिंट काढण्यासाठी. कारण काय तर प्रिंटिंग महाग, आणि मित्राला ऑफिसात प्रिंटर. एवढंच. प्रिंट काही लगेच निघाली नाही, फाइल मित्राच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पडून राहिली. मे महिन्यात तो जागेवर नसताना एका सहकाऱ्याला ती दिसली, सहकाऱ्याने वर कळवलं, वरून गोष्ट रजिस्ट्रारपर्यंत गेली आणि तिथून पोलिसांना फोन गेला.

14 मे ला दोघांनाही टेररिझम ॲक्ट 2000 खाली अटक झाली. विद्यार्थ्याच्या घरच्यांच्या घराची झडती झाली, सामान जप्त. सहा दिवस कोठडीत ठेवून 20 तारखेला दोघांनाही आरोप न ठेवता सोडलं. विद्यार्थी घरी गेला, पण मित्राला इमिग्रेशनच्या मुद्द्यावर लगेच पुन्हा पकडलं, त्याला देशाबाहेर काढायची तयारी सुरू झाली, मोठी मोहीम झाल्यावर ते थांबलं. त्याच्यावर वेगळी इमिग्रेशनची केस चालली आणि 2009 मध्ये 9 महिन्यांची शिक्षा झाली. ती केस खरी-खोटी हा वेगळा विषय, पण एक गोष्ट स्पष्ट आहे, ती फाइल कुणाच्या नजरेस पडली नसती तर हे सगळं त्या वेळी उघडलंच नसतं.

मे संपता संपता विद्यार्थी आणि शिक्षकांनी कॅम्पसवर निदर्शनं केली आणि त्याच मॅन्युअलमधले उतारे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. कुणाला अटक झाली नाही.

विद्यापीठाची अधिकृत भूमिका जुलैमध्ये आली. कुलगुरूंच्या निवेदनाचा मतितार्थ असा : दहशतवादी साहित्य मिळवून अभ्यासायचा ‘हक्क’ असा कुणाला नाही, जे करतील त्यांच्यावर चौकशी आणि खटल्याची वेळ येऊ शकते. तशी त्यावर ‘बंदी’ही नाही, संशोधनासाठी वाचणाऱ्याला कोर्टात बचाव बहुधा मिळेल, फक्त तोपर्यंत काही काळ कोठडीत राहावं लागू शकतं (हे शेवटचं मूळ निवेदनातही कंसातच होतं). मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी टर उडवायला लिहिलंय. पण कायदेशीर भाषेत पाहिलं तर ते चूक नव्हतं हो, तेव्हाचा कायदा खरंच असा होता. टेररिझम ॲक्टचं कलम 58 म्हणजे दहशतवादाच्या तयारीला उपयोगी पडेल अशी माहिती जवळ बाळगणं, आणि ‘वाजवी कारण’ दाखवणं ही जबाबदारी वाचणाऱ्यावर. तरी त्याच वर्षी फेब्रुवारीत अपील कोर्टाने म्हटलं होतं की कागद असा हवा की त्याचा प्रत्यक्ष कृतीला व्यावहारिक उपयोग होईल, नुसता प्रचाराचा मजकूर पुरत नाही.

पर्याय काय होते

इथे निर्णयाच्या जागा दोन आहेत, आणि लोक नेहमी पहिलीवरच बोलतात.

पहिली रजिस्ट्रारची. फाइल समोर आली, नाव भयंकर, मालक अल्जेरियन. त्याच्याकडे पर्याय किती होते? सरळ पोलिसांना कळवायचं हा एक. दुसरा, त्या कर्मचाऱ्याला बोलावून विचारायचं की बाबा हे काय आहे. त्यात धोका होता, समजा खरंच काही असतं तर तो सावध झाला असता, हे मान्य करूया. आणि तिसरा पर्याय, ज्यात काहीच धोका नव्हता, तो म्हणजे स्वतःच्याच राज्यशास्त्र विभागात फोन करायचा. तिथे पगार देऊन ठेवलेली माणसं होती ज्यांचं कामच हे कागद ओळखणं होतं, हा आपला लेक्चरर त्यातलाच. त्याने तो कागद बघून पाच मिनिटांत सांगितलं असतं की हे कुठून आलंय. मग पोलिसांना सांगायचंच असतं तरी ‘अल कायदाचं मॅन्युअल सापडलं’ असं न सांगता ‘अमेरिकन सरकारच्या साइटवरची फाइल सापडली, वापर बघा’ असं सांगता आलं असतं, आणि या दोन वाक्यांतला फरक म्हणजे दोन माणसांचे सहा दिवस. विद्यापीठाचं म्हणणं शेवटपर्यंत हेच राहिलं की लोकांच्या सुरक्षेची जबाबदारी होती म्हणून कळवलं. तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण कळवण्याआधी आपल्याच माणसाला विचारू नये असं कुठे लिहिलं होतं?

दुसरी जागा लेक्चररची, आणि करिअरच्या दृष्टीने मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. विद्यार्थी सुटला, आता पुढे काय? गप्प बसून आपले लेख लिहीत राहायचे, चार वर्षांत सगळे विसरतात. किंवा आतल्या आत तक्रार करत राहायचं, युनियनकडे जायचं. किंवा मग व्हिसलब्लोअरचा कायदा, ब्रिटनमध्ये तो 1998 पासून आहे, पण त्यात गंमत अशी की मालकाला किंवा ठरवून दिलेल्या संस्थेला सांगितलं तर संरक्षण सहज मिळतं आणि सगळ्या जगाला सांगितलं तर अटी कडक होतात. किंवा ‘विद्यापीठं आणि दहशतवादविरोधी कायदा’ असा रीतसर जर्नल लेख, नावं न घेता, पीअर रिव्ह्यूमधून गेलेला. त्याला दोन वर्षं लागतात आणि वाचतात मोजके लोक. शेवटचा पर्याय म्हणजे सगळं पुराव्यासकट, नावासकट मांडायचं.

काय केलं

लेक्चररने आधी आतून प्रयत्न केले, ते चालले नाहीत. दरम्यान विद्यापीठाने विभागात एक समिती नेमली, जी शिक्षकांच्या वाचन-याद्या तपासणार. म्हणजे टेररिझम शिकवणाऱ्याने मुलांना काय वाचायला द्यायचं ते आधी दाखवून घ्यायचं. कागदावर हे शिक्षकांच्या संरक्षणासाठी होतं असं सांगितलं गेलं, पण यादी मंजूर झाली म्हणून पोलीस पकडणार नाहीत याची हमी कुणीच देत नव्हतं, आणि ना-मंजूर झाली तर मात्र शिक्षक उघडा पडणार. अशा वातावरणात हा विषय शिकवायचा तरी कसा, असा त्याचा सवाल होता.

मग त्याने माहिती अधिकाराचे अर्ज टाकायला सुरुवात केली. ब्रिटनचा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट 2000 सालचा, आपला आरटीआय 2005 चा, पद्धत साधारण तीच. डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याखाली पण कागद मिळाले : ईमेल, पत्रव्यवहार, मीटिंगच्या नोंदी. ते सगळं जोडून एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, तयार झाला, शंभरच्या वर पानांचा, आणि एप्रिल 2011 मध्ये मँचेस्टरला ब्रिटिश इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनच्या परिषदेसाठी तो गेला आणि असोसिएशनच्या साइटवर चढला. त्यात सहकाऱ्यांची, अधिकाऱ्यांची नावं होती. कोणी कधी काय लिहिलं, सगळं.

मे 2011 च्या सुरुवातीला लेक्चररला निलंबित केलं. विद्यापीठाचा आक्षेप असा की पेपरमध्ये सहकाऱ्यांची बदनामी आहे. असोसिएशनने पेपर साइटवरून उतरवला. तो उतरवल्यावर अर्थातच दहापट लोकांनी वाचला, इंटरनेटवर दुसरं काय होणार. 67 अकॅडमिक्सनी त्याला परत घ्या म्हणून जाहीर पत्र लिहिलं, त्यात नोम चॉम्स्की पण होते.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण या टप्प्यावर मित्रमंडळीत नेहमी दोन तट पडतात. एक तट म्हणतो नावं घेतलीच पाहिजेत, नाहीतर ‘संस्थेकडून चूक झाली’ या वाक्यात सगळे लपतात. दुसरा म्हणतो परिषदेचा पेपर ही चार्जशीट नव्हे. माझं मत दोघांच्या मधलं नाहीये, मला वाटतं दुसरा तट डावपेचात बरोबर आणि पहिला मुद्द्यात बरोबर. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने शिक्षकांना असं स्वातंत्र्य दिलंय की वादग्रस्त, न आवडणारी मतं मांडली म्हणून नोकरी धोक्यात येऊ नये. पण ते संरक्षण मताला आहे, सहकाऱ्याचं नाव घेऊन केलेल्या आरोपाला तेच संरक्षण मिळेल असं नाही. नावं आली आणि चर्चा मॅन्युअलवरून, कोठडीवरून, वाचन-यादीवरून सरकून ‘पेपर बदनामीकारक आहे का’ यावर गेली. विद्यापीठाला बचावासाठी जी जागा हवी होती ती त्या पानांनी आयती दिली.

निकाल

विद्यार्थ्याने पोलिसांवर दावा केला होता. सप्टेंबर 2011 मध्ये नॉटिंगहॅमशर पोलिसांनी त्याला 20,000 पौंड देऊन कोर्टाबाहेर तडजोड केली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. पोलिसांच्या अंतर्गत चौकशीच्या कागदांतून असं दिसलं की या लेक्चररने पोलिसांना मॅन्युअलबद्दल काय सांगितलं याची जी नोंद वापरली गेली ती चक्क ‘बनवलेली’ होती. म्हणजे ज्या तज्ज्ञाला आधी कुणी धड विचारलंच नाही, त्याच्याच तोंडी नंतर वाक्यं घातली गेली. हे वाचल्यावर त्याने इतकी पानं का लिहिली ते जरा कळतं, आणि पेपर लिहिताना त्याच्याकडे ही माहिती असती तर नावांच्या वादात न पडताही त्याचं वजन कितीतरी जास्त पडलं असतं.

लेक्चररने ते विद्यापीठ सोडलं, पुढे लंडनच्या एका नामवंत कॉलेजच्या डिफेन्स स्टडीज विभागात तो गेला. म्हणजे करिअर संपलं नाही. पण 2008 ते 2011 ही वर्षं, जेव्हा अल कायदावर, अफगाणिस्तानवर लिहायला या विषयाच्या माणसाकडे सगळ्यात जास्त होतं, ती माहिती अधिकाराच्या अर्जांत गेली. विद्यार्थ्याने पीएचडी पूर्ण केली, आणि तो स्वतःच आता विद्यापीठात शिकवतो, विषय तोच, दहशतवादविरोधी पोलिसिंग. ते सोपं गेलं असं कुणी समजू नका, कोठडीचे परिणाम मनावर वर्षानुवर्षं राहिल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलंय.

नियमांचं म्हणाल तर 2012 मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठांच्या संघटनेने संवेदनशील संशोधन साहित्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. असं साहित्य स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा ईमेलमध्ये न ठेवता विद्यापीठाच्या सुरक्षित सर्व्हरवर ठेवा, संशोधनाची नोंद आधी करा, आणि कुणाला काही सापडलं तर आधी आत विचारायला एक ठरलेला माणूस असू द्या. शेवटचा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळत नाही, 2008 मध्ये हाच फोन करायचा राहिला होता. 2015 मध्ये प्रिव्हेंटची (लोक दहशतवादाकडे वळू नयेत म्हणूनच्या सरकारी योजनेची) जबाबदारी विद्यापीठांवर कायद्याने आली, म्हणजे दुसऱ्या बाजूने दोर आवळला. आणि 2019 च्या कायद्याने कलम 58 ची शिक्षा 10 वर्षांवरून 15 केली पण त्याच वेळी पत्रकारिता आणि शैक्षणिक संशोधन ही वाजवी कारणं आहेत असं स्पष्ट लिहून टाकलं.

वेगळं काय करता आलं असतं

विद्यार्थ्याला दोष देणारे भेटतात, मला ते पटत नाही. सरकारी वेबसाइटवरची फाइल उतरवताना कुणाची परवानगी घ्यायची? पण एक व्यावहारिक गोष्ट मी मुलांना सांगतो, प्रपोजलच्या पहिल्या ड्राफ्टपासूनच गाइडला एक ईमेल टाकून ठेवा, की मी अमुक अमुक मूळ साहित्य या या ठिकाणाहून घेऊन वाचतोय. दोन ओळी बास. उद्या प्रश्न आला तर तारखेसकट कागद हातात असतो. आपल्याकडे सुद्धा. भीमा कोरेगाव प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस यांना जुलै 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन देताना म्हटलं की नुसतं साहित्य जवळ असणं, त्यात हिंसेचा पुरस्कार असला तरी, एवढ्यावर यूएपीए खालचा गुन्हा ठरत नाही. चांगलं झालं, फक्त हे ऐकायला त्यांना ऑगस्ट 2018 पासून जवळजवळ पाच वर्षं थांबावं लागलं.

लेक्चररचं म्हणाल तर मी असतो तर दोन वेगळे दस्तऐवज केले असते. एक, नावं नसलेला, कायदा आणि विद्यापीठाची प्रक्रिया यावरचा लेख, जो कुणालाही उतरवता येणार नाही. दुसरा, नावं, ईमेल, तारखा असलेला, वकील आणि युनियनला सोबत घेऊन पोलिसांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे आणि विद्यापीठाच्या कौन्सिलकडे दिलेला. वेळ लागला असता. कदाचित कुणी लक्षही दिलं नसतं, ही शक्यता पण धरून चाला, कारण निलंबन झालं म्हणूनच प्रकरण वर्तमानपत्रांत पुन्हा आलं असंही म्हणता येतं. त्यामुळे मी हे ठामपणे नाही म्हणत. मला फक्त एवढं दिसतं की एकाच पेपरात त्याने अभ्यासकाचं आणि साक्षीदाराचं अशी दोन कामं केली, आणि विद्यापीठाने साक्षीदारावर कारवाई केली तेव्हा अभ्यासकही त्यात गेला.

वाचन-यादीची समिती मात्र मुळातच नको होती. शिक्षकाला कायदेशीर सल्ला हवा असेल तर वकील द्या, त्याची यादी दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांकडून तपासून काय मिळणार.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीने संशोधकाला नाव घेऊन जागा दिली, पण या प्रकरणात सगळ्यात जास्त किंमत मोजली ती ऑफिसमधल्या मित्राने, आणि तो स्वतः ते संशोधन करत नव्हता, फक्त प्रिंट काढून देणार होता. आज तसाच एखादा क्लार्क, लायब्ररीतला असिस्टंट, स्कॅन करून देणारा किंवा टायपिंग करणारा माणूस पकडला गेला तर ‘शैक्षणिक संशोधनासाठी’ या शब्दांत तो बसतो की नाही, हे त्याच्या वकिलाला कोर्टात भांडूनच ठरवावं लागेल, आणि तोवर तो कुठे असेल ते कुलगुरूंच्या निवेदनातल्या त्या कंसात आधीच लिहिलेलं आहे.